सूर्यास्तानंतरचं पाणी

तुमच्या आज्जांच्या पोटाचं छोटं ऑपरेशन झालं, असं तुम्हाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं गेलं. ते पोटाचं नव्हतं आणि ज्यात कापतात, टाके घालतात तसलं ऑपरेशनही नव्हतं. आता सगळं होऊन गेलं आहे, तुम्ही मोठे झाला आहात, आणि हा आजार काही घराण्यांत पुढच्या पिढीतही दिसतो. म्हणून नीट क्रमानं लिहून ठेवते.

आजार प्रोस्टेटचा होता. पुरुषांच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते आणि लघवीची नळी तिच्यामधून जाते. त्या ग्रंथीत कॅन्सरची गाठ झाली होती. हे शब्द चारचौघांत बोलायचे कसे, असा आमच्याकडे प्रश्न पडला आणि 'पोट' म्हणायचं ठरलं. त्यामुळे नातेवाइकांनी पोटाचीच औषधं पाठवली. ओव्याचा अर्क आला, हिंगाच्या गोळ्या आल्या, जयसिंगपूरहून कुणीतरी डाळिंबाच्या सालीची पूड पाठवली. आज्जांनी ती सगळी मुकाट्यानं घेतली. पाचगणीच्या शाळेत बाईंनी आम्हाला शरीराचे अवयव तक्त्यावर छडी ठेवून शिकवले होते, त्यामुळे मला हे शब्द उच्चारायला अवघड वाटत नाही. तुमच्या आज्जांना अजून वाटतं.

आज्जांचा दिवस कसा असतो ते तुम्ही सुट्टीत पाहिलं आहे. हळदीचं दुकान पुतण्याकडे दिल्यापासून ते पहाटे आंघोळ करतात, धुतलेलं धोतर-उपरणं नेसतात आणि चालत बस्तीत जातात. आपल्याकडे जैन मंदिराला बस्तीच म्हणतात. तिथे ते गाभाऱ्यात उभं राहून मूर्तीला अभिषेक करतात: आधी पाणी, मग नारळाचं पाणी, उसाचा रस, दूध, दही आणि शेवटी हळद. ती हळद आपल्या दुकानातली. दरवर्षी नवा माल आला की पहिली चांगली हळकुंडं ते बाजूला काढून ठेवतात. दुकानात असतानाही अभिषेक कधी चुकला नाही, आणि दुकान सुटल्यावर तर त्यांच्याकडे ते एकच काम उरलं.

गाभाऱ्याचा एक नेम आहे. अंगातून काही गळत असेल, जखम वाहत असेल, तर माणूस उंबऱ्याबाहेर थांबतो. त्याला कुणी अडवत नाही. तो स्वतःच थांबतो.

आणखी एक गोष्ट पुढे लागणार आहे, म्हणून इथेच सांगते. माझं माहेर साताऱ्याचं. वडील सरकारी नोकरीत, त्यामुळे आम्ही जैन असूनही रात्री आठला जेवायचो. लग्न होऊन सांगलीला आले आणि दिवेलागणीच्या आत जेवायची सवय लावून घेतली. आज्जा त्याच्याही पुढे गेले. काही वर्षांपूर्वी बस्तीत मुनिमहाराज आले होते, त्यांच्यापुढे आज्जांनी नियम घेतला की सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेणार नाही. असा नियम घेताना बरेच लोक 'औषधपाणी सोडून' असं म्हणतात. आज्जा तसं म्हणाले नाहीत. एक बोलायचं आणि एक मनात ठेवायचं, हे त्यांनी दुकानातही केलं नव्हतं.

आजार लक्षात आला तो सामायिकामुळे. सामायिक म्हणजे ठरावीक वेळ एका जागी शांत बसून केलेलं ध्यान. त्यातून ते मधेच लघवीला उठायला लागले. पुढे रक्ताची तपासणी झाली, तिच्यातला या ग्रंथीचा आकडा वाढलेला निघाला. मग एमआरआय झाला, ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासले आणि सांगलीच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. गाठ लहान आहे, ग्रंथीच्या एकाच बाजूला आहे, बाहेर पसरलेली दिसत नाही. पण नुसतं लक्ष ठेवून थांबावं अशा जातीची ती नाही. ग्रंथी काढून टाकता येईल किंवा किरण देता येतील. डॉक्टरांनी दोन्हींचे फायदे-तोटे नीट सांगितले. आज्जा ऐकत होते.

"डॉक्टर, मला एकच इचारायचं हाय. ऑपरेशन केल्यावर अभिषेकाला उभं ऱ्हाता येईल का?"

"उभं काय, पळाल तुम्ही. बहुतेकांना काही दिवस लघवीची थोडी गळती होते. पॅड लावायचं. पुढे कमी होत जाते. काही थोड्यांना कायम राहते."

"पॅड लावून गाभाऱ्यात?"

"कुणाला कळणार आहे, आण्णा?"

"मला कळंल की," असं म्हणून आज्जा उठले आणि बाहेर जाऊन चपला घालू लागले.

त्यानंतर कित्येक आठवडे त्यांनी विषय काढला नाही. रोज बस्तीत जात होते, येत होते, पेपर वाचत होते. तुमच्या बाबाचा फोन यायचा.

"आण्णा, काढून टाका ना ते. एकदाचा विषय संपवा."

"तुझा इषय संपतोय रं. माझा तितनं चालू हुतोय."

त्यांच्या मनात काय होतं ते मला दिसत होतं. गळतं अंग घेऊन उंबऱ्याबाहेर उभं राहण्यापेक्षा गाठ अंगात ठेवून अभिषेक करत राहणं त्यांना पसंत होतं. मी एकदा म्हटलं, "गाठ वाढली तर रक्त जाईल. मग तसंही बाहेरच थांबावं लागेल." ते म्हणाले, "तवाचं तवा बघू." वाद घालून उपयोग नव्हता. मी रिपोर्ट घेऊन एकटीच पुन्हा डॉक्टरांकडे गेले आणि आज्जांना नेमकी अडचण कसली आहे ते सांगितलं. डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा उघडून बघितला. मग म्हणाले, "आधी सांगायचं होतं की. गाठ लहान आहे, एका बाजूला आहे, तर त्यांना अजून एक दाखवता येईल. आपल्याकडे ते मशीन नाही. मोठ्या शहरात जावं लागेल."

ते म्हणजे ध्वनिलहरींचा उपचार. सोनोग्राफीत ज्या लहरी वापरतात त्याच जातीच्या, पण पुष्कळ जोरकस. शौचाच्या वाटेनं एक कांडी आत ठेवतात. तिच्यातून निघालेल्या लहरी वाटेतल्या कशालाही इजा न करता पुढे एका बिंदूवर एकवटतात आणि तेवढी जागा तापवून मारतात. मग शेजारचा बिंदू, मग त्याच्या शेजारचा. असं करत गाठ आणि तिच्या कडेची थोडी जागा जाळून टाकतात. ग्रंथीचा बाकीचा भाग आणि लघवी धरून ठेवणारा स्नायू शाबूत राहतो. म्हणून गळतीची शक्यता कमी. शून्य नाही, हेही मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. सगळ्यांना हा उपचार चालत नाही, तो अजून नवा आहे, आणि पुष्कळ वर्षांनी काय होतं याचा अनुभव ऑपरेशनइतका जुना नाही, हेही त्यांनी सांगितलं. आज्जा या वेळी खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

"आवं डॉक्टर, हळदीचं पोतं फोडलं आन् एक हळकुंड किडकं निगालं, तर तेवढंच काढून आमी माल घेत न्हाई. शेजारची चार मोडून बगतो."

"आम्हीही बघितलीत. दोन्ही बाजूंचे तुकडे काढून तपासले ते त्याचसाठी. आणि पुढंही बघत राहणार. रक्त तपासायचं, एमआरआय करायचा, लागलं तर परत तुकडे काढायचे. कीड परत दिसली तर परत हेच करता येईल, नाहीतर मग ऑपरेशन आहेच."

"म्हंजे ग्यारंटी न्हाई."

"नाही."

"मग करू," आज्जा म्हणाले. "ग्यारंटी देनाऱ्याकडनं आमी कवाच माल घेतला न्हाई."

उपचाराच्या दिवशी कमरेखालचा भाग बधिर केला आणि त्यांना आत नेलं. दुपारी खोलीत आणलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "केलं का ह्यांनी काय? का नुसतंच झोपवून ठेवलं?" अंगावर कुठेही टाका नव्हता. आत सूज येते म्हणून लघवीच्या वाटेत रबरी नळी घातली होती आणि तिला पिशवी जोडलेली होती. नळी आठवडाभर ठेवायची होती. दुसऱ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "भरपूर पाणी प्यायचं. जळालेल्या भागाचे कण, थोडं रक्त नळीतून वाहून गेलं पाहिजे." आज्जा "व्हय" म्हणाले. दोघंही खरंच बोलत होते. दवाखान्यात रात्रभर सलाइन चालू होतं, त्यामुळे तिथे रात्रीच्या पाण्याचा प्रश्नच आला नाही.

नळी लावलेल्या माणसाला सांगलीपर्यंतचा खड्ड्यांचा हायवे एका दमात झेपणार नाही, म्हणून आम्ही वाटेत साताऱ्याला माझ्या धाकट्या बहिणीकडे उतरलो. ती एकटी राहते. बोलायला तिखट आहे, पण तिच्या घरात सगळं जागच्या जागी असतं. आज्जांनी लघवीची पिशवी आपल्या दुकानाची जाहिरात छापलेल्या कापडी पिशवीत ठेवली होती. ती हातात धरून ते बहिणीच्या दारात उतरले.

"या दाजी," ती म्हणाली, "आता काय दारोदार हळद विकताय?"

"तुमच्यासाटनं सॅम्पल आणलंय," आज्जा म्हणाले. प्रवासातलं ते त्यांचं पहिलं वाक्य होतं.

आता मुख्य गोष्ट. दिवस मार्गशीर्षाचे, लहान. सांगलीला आपल्या गच्चीवरून सूर्य थेट सपाट शेतात बुडताना दिसतो. बहिणीचं घर यवतेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याला आहे. तिथे उन्हं अंगणातून निघतात तेव्हा पंचांगातल्या सूर्यास्ताला पुष्कळ वेळ असतो. आज्जा खुर्ची टाकून पश्चिमेकडे तोंड करून बसले. सूर्य डोंगराच्या कडेला टेकला तसा त्यांनी पेला उपडा घातला.

"दाजी, सूर्य डोंगराआड गेलाय. मावळला नाही अजून."

"दिसंना झाला."

"ढग आले तरी दिसत नाही. मग तेव्हाही पाणी बंद करता?"

"ढग हलतोय वं. डोंगर हलतोय व्हय?"

बहिणीनं पंचांग आणून दाखवलं. ते म्हणाले, पंचांग छापणाऱ्याला डोंगर कुठं माहीत आहे. तिनं मला खूण केली, पण मी मधे पडले नाही. नियम त्यांचा होता. शिवाय दिवसभरात ते पाणी पीत होते आणि पिशवीही भरत होती.

तिथल्या दुसऱ्या सकाळी पिशवी रिकामी होती. आज्जा भिंतीला धरून उभे होते, ओटीपोट ताठरलं होतं आणि कपाळावर घाम होता. लगेच रिक्षा बोलावून आम्ही त्यांना साताऱ्यातल्याच एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी नळीतून सलाइनचं पाणी आत सोडून, ओढून, अडकलेली गुठळी काढली. पिशवी भरली. आज्जांनी डोळे मिटले.

"आजोबा, पाणी किती पिता?"

"लय."

"आणि रात्री?"

"रात्री न्हाई."

"कमी पिता?"

"न्हाई म्हंजे न्हाई. दिवस मावळला की थेंब न्हाई. नियम हाय."

"आणि आमच्याकडे यांचा दिवस चहाच्या वेळेलाच मावळतो," बहीण म्हणाली.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी हातमोजे काढले आणि सरळ सांगितलं. एवढे तास पाणी न घेता राहिलं की लघवी दाट होते, कण साठतात आणि नळी पुन्हा अडते. सारखी धुवावी लागली, बदलावी लागली तर आतल्या जागेला इजा होते, जंतुसंसर्ग होतो, आणि मग लघवीवर ताबा यायला जास्त वेळ लागू शकतो. "नियम मोडा असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "काय होऊ शकतं तेवढं सांगितलं."

अभिषेक राहावा म्हणून एवढ्या लांबचा उपचार घेतला होता, आणि आता दुसऱ्या नियमापायी तोच अभिषेक जाण्याची वेळ आली होती. घरी आल्यावर मी त्यांना म्हटलं, "दोन्ही राहणार नाहीत असं दिसतंय. कुठलं ठेवायचं ते तुम्ही ठरवा. पण ऊन अंगणात आहे तोवर ठरवा." मग त्यांनी सांगलीला बस्तीतल्या पुजाऱ्यांना, म्हणजे उपाध्यांना फोन लावला. त्यांना मोबाइल कानाला धरायला आवडत नाही, स्पीकर लावतात, म्हणून आम्हाला सगळं ऐकू आलं. आज्जांनी 'पोट' न म्हणता खरं ते सांगितलं. बाहेरच्या कुणाला त्यांनी ते सांगितल्याचं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

"आण्णा, नियम घेताना आजारपणाची सूट ठेवली हुती काय?"

"न्हाई."

"का वं?"

"तवा आजारी नव्हतो."

उपाध्ये हसू आवरत असावेत. "मग असं करा. आता पाणी प्या. बरं वाटलं की महाराजांपुढं जाऊन काय केलं ते सांगा. ते देतील ते प्रायश्चित्त घ्या."

"काय देतील?"

"ते मी कसं सांगू? मीठ सोडा म्हनतील, न्हाईतर गोड."

"मीठ चालंल. गूळ नको म्हनावं."

"आण्णा, प्रायश्चित्ताचा भाव करत न्हाईत."

त्या संध्याकाळी सूर्य डोंगराआड गेला. मग पंचांगातली वेळही होऊन गेली. बहिणीनं उकळून गाळून गार केलेलं पाणी तांब्यात भरून ठेवलं होतं. आज्जांनी णमोकार मंत्र म्हटला, वाटी घेतली आणि चमच्यानं पाणी तोंडात घातलं. मग दुसरा चमचा. औषध घेतात तसं.

"दाजी, या हिशेबानं तांब्या संपेपर्यंत उजाडेल, आणि मग नियम आपोआपच पाळला जाईल."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, चमचा खाली ठेवला आणि वाटी तोंडाला लावली. मी ओतत गेले, ते पीत गेले. चेहऱ्यावर विशेष काही नव्हतं. फक्त वाटी दर वेळी खाली ठेवताना ते ती बोटानं पुसत होते.

नळी परत अडली नाही. ठरल्या दिवशी साताऱ्यातल्या त्याच डॉक्टरांनी ती काढली आणि मगच आम्ही सांगलीला आलो.

उपाध्ये त्यांना घेऊन महाराजांकडे गेले. महाराज तेव्हा विट्याच्या वाटेवर एका गावात थांबले होते. मीही गेले होते. महाराजांनी सगळं ऐकून घेतलं आणि महिनाभर गूळ सोडायला सांगितलं. आज्जांनी उपाध्यांकडे बघितलं. उपाध्ये छताकडे बघत होते. तिथेच आज्जांनी नियम पुन्हा घेतला, या वेळी आजारपणाची सूट ठेवून.

पण गळती होती. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे थोडीच, खोकला आला किंवा वजन उचललं की थेंब यायचे. आज्जा रोज बस्तीत जायचे, हळदीची वाटी उपाध्यांच्या हातात द्यायचे आणि उंबऱ्याबाहेर हात जोडून उभे राहायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पोट अजून बरं न्हाई." घरी ते डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम करायचे. त्यात खालचे स्नायू आवळून धरायचे आणि सोडायचे असतात. बसल्या जागी करता येतो, बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे तो त्यांना पटला.

पुढे एक नवीनच चालू झालं. आंघोळ झाल्यावर धुतलेलं पांढरं धोतर नेसून ते परसात जायचे. पाण्याची कळशी दोन्ही हातांनी छातीच्या वर उचलायचे आणि कढीपत्त्याच्या झाडावर सावकाश धार धरायचे. कळशी रिकामी झाली की आत येऊन धोतर सोडून उजेडात बघायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते, पण काही विचारलं नाही. शेजारणीनं विचारलं, "आण्णा कढीपत्त्याला एवढं पाणी का घालतात हो?" मी म्हटलं, झाड वाळत चाललंय. झाडाला खरं तर एवढं पाणी नको होतं, त्याची पानं पिवळी पडायला लागली होती. कळशी मात्र दिवसेंदिवस जास्त भरलेली असायची.

मधल्या काळात रक्तातला आकडा उतरला. एमआरआयमध्ये गाठीच्या जागी जळाल्याचा व्रण दिसला, दुसरं काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे, पण तपासण्या चुकवायच्या नाहीत. बरा झाला हा शब्द त्यांनी वापरला नाही, म्हणून मीही इथे वापरत नाही. तुमच्या बाबालाही मी सांगितलं आहे की वेळेवर डॉक्टरांना विचारून तपासून घे. तुम्ही दोघांनीही वय झाल्यावर तसंच करा, आणि 'पोट' म्हणू नका.

परवा सकाळी आज्जा परसात गेले नाहीत. बस्तीतून नेहमीपेक्षा उशिरा आले आणि धोतर बदलून न्याहारीला बसले. मी धोतर धुवायला घेतलं. गुडघ्यापासून खाली हळदीचे पिवळे शिंतोडे उडाले होते. अभिषेकाची हळद गाभाऱ्यात उभं राहिल्याशिवाय अंगावर उडत नाही.

"हे डाग निघणार नाहीत," मी आतून म्हटलं.

"ऱ्हाऊ देत."

"सोमवारी रक्त द्यायला जायचंय. सकाळी."

"जाऊ की," ते म्हणाले. "अभिषेक झाल्यावर."